शेवट बदलत राहणारा माणूस: ऑस्कर मिशोची गोष्ट

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही, पण लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या बसमध्ये वाचायला वेळ आहे, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लिखित अवतार. बोलताना मी जिथे अडखळलो होतो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा माणूस आहे ऑस्कर मिशो. नाव ऐकून अर्ध्या लोकांना शॉपिंग ॲप आठवलं असेल. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हा मिशो अमेरिकेतला, कृष्णवर्णीय, जन्म १८८४ चा, आणि त्याने १९१९ ते १९४८ या काळात स्वतःच्या हिमतीवर चाळीसेक सिनेमे काढले. मागे स्टुडिओ नाही, बँक नाही, गॉडफादर नाही. आज आपण 'इंडी फिल्ममेकर' म्हणतो ना, तो शब्द रुळायच्या कितीतरी आधीचा इंडी.

पण मला त्याच्यावर बोलायचंय ते या आकड्यामुळे नाही. मला तो आवडतो कारण त्याने एकच गोष्ट आयुष्यभर पुन्हा पुन्हा सांगितली. कादंबरीत सांगितली, मूकपटात सांगितली, बोलपटात सांगितली, मग परत कादंबरीत आणि परत सिनेमात. आणि ती गोष्ट त्याच्या स्वतःच्या आयुष्यात पूर्ण न झालेली होती.

तर सुरुवातीपासून सांगतो.

मिशोचे आईवडील गुलामगिरीच्या काळात जन्मलेले. इलिनॉय राज्यातल्या मेट्रोपोलिस नावाच्या छोट्या गावाजवळ त्याचं बालपण गेलं. (हो, सुपरमॅनवाल्या मेट्रोपोलिसचंच नाव. गाव मात्र अगदी साधं.) विशीच्या आत तो शिकागोला आला, बूटपॉलिश केलं, आणि मग पुलमन कंपनीच्या रेल्वेगाड्यांत पोर्टर झाला. पोर्टर म्हणजे श्रीमंत गोऱ्या प्रवाशांच्या बॅगा उचलायच्या, झोपायच्या बर्थवर चादरी घालायच्या. काळ्या तरुणासाठी त्या काळात ही बरी नोकरी होती. देश फुकटात बघायला मिळायचा आणि बक्षिसीचे पैसे साठायचे. साठलेल्या पैशांतून त्याने १९०५ च्या सुमारास साउथ डकोटात जमीन घेतली.

शेतीचा अनुभव शून्य. आजूबाजूला जवळपास सगळे गोरे शेतकरी. आणि ही जमीन मुळात लाकोटा लोकांच्या रोझबड राखीव क्षेत्रातली, सरकारने नुकतीच बाहेरच्यांना खुली केलेली. मिशोच्या लिखाणात 'ओसाड माळरान मी कसं पिकवलं' याचा अभिमान भरपूर आहे. ते माळरान कुणाकडून आलं याचा विचार मात्र फारसा नाही. हे आपलं नोंदवून ठेवूया आणि पुढे जाऊया.

तिथे शेजारी एक स्कॉटिश वंशाचं कुटुंब होतं, असं तो सांगतो. त्यातल्या मुलीवर त्याचं प्रेम बसलं आणि तिचंही त्याच्यावर. आता साउथ डकोटा म्हणजे दक्षिणेकडचं कुप्रसिद्ध राज्य नव्हे. तरीही १९०९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने काळे आणि गोरे यांच्या लग्नावर बंदी घातली. तो कायदा रद्द व्हायला १९५७ उजाडलं.

मिशोने माघार घेतली. आपल्या लोकांशी गद्दारी केल्यासारखं होईल, असंही त्याला वाटत होतं. १९१० मध्ये त्याने शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय पाद्रीच्या मुलीशी, ऑर्लीनशी लग्न केलं. ते टिकलं नाही. बाळ जन्मतःच गेलं, सासरा मुलीला परत घेऊन गेला. मग दुष्काळ आला आणि जमीनही हातून निसटत गेली.

आता तिशीच्या आतबाहेरचा हा माणूस. प्रेम गेलं, लग्न गेलं, शेत गेलं. त्याने काय करावं? त्याने कादंबरी लिहिली.

१९१३ मध्ये 'द कॉन्क्वेस्ट' आली. लेखकाचं नाव छापलेलंच नाही. नायकाचं नाव थोडं बदललेलं, बाकी कथा बऱ्यापैकी त्याचीच, आणि त्यात ती स्कॉटिश मुलगी आहे. या पुस्तकात शेवट खरा आहे: नायक तिला सोडून देतो. मिशो हे पुस्तक दारोदार फिरून विकायचा. शेतकऱ्यांच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं, गप्पा मारायच्या, एक प्रत खपवायची. गिऱ्हाइकं बहुतेक गोरी.

चार वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याने तीच गोष्ट परत लिहिली. नाव 'द होमस्टेडर'. नायक ज्याँ बाप्तिस्त, नायिका ॲग्नेस स्टुअर्ट. बाकी सगळं तसंच: माळरान, एकटेपणा, प्रेम, माघार, चुकीचं लग्न, दुष्ट पाद्री सासरा. फक्त शेवट बदलला. शेवटी कळतं की ॲग्नेसच्या आईच्या वंशात आफ्रिकी रक्त होतं. म्हणजे ॲग्नेस गोरी नाहीच! आणि मग दोघांचं लग्न होतं.

पहिल्यांदा मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, हे तर आपल्या जुन्या हिंदी सिनेमांसारखं झालं, शेवटच्या रिळात लॉकेट उघडतं आणि सगळे नातेवाईक निघतात. पण मग जरा थांबून विचार केला. ॲग्नेसमध्ये काय बदललं? चेहरा तोच, आवाज तोच, स्वभाव तोच. तिच्याबद्दलची एक माहिती बदलली, बस. काल जे प्रेम गुन्हा होतं ते आज पवित्र. अमेरिकेत तेव्हा 'एका थेंबाचा नियम' चालायचा: पूर्वजांत एक जरी आफ्रिकी माणूस असला तरी तुम्ही काळे, मग कातडी कितीही गोरी असो. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये तर हे कायद्यातच लिहून टाकलं. हा थेंब माणसांना वेगळं ठेवण्यासाठी होता. मिशोने तोच घेतला आणि दोघांना एकत्र आणण्यासाठी वापरला. याला चलाखी म्हणायचं की हार? मला अजून ठरवता आलेलं नाही. कायदा त्याला बदलता येत नव्हता, म्हणून त्याने मुलीचं रक्त बदललं.

इथून त्याचं सिनेमातलं आयुष्य सुरू होतं. १९१८ मध्ये 'लिंकन मोशन पिक्चर कंपनी' या कृष्णवर्णीयांच्या कंपनीला 'द होमस्टेडर' आवडली. त्यांच्यातला जॉर्ज जॉन्सन ओमाहात टपाल खात्यात नोकरी करत कंपनीचं काम बघायचा. त्याने हक्क मागितले. मिशोची अट: सिनेमा मोठा हवा आणि चित्रीकरणात मी हवा. लिंकनवाले दोन-तीन रिळांचे आटोपशीर सिनेमे काढायचे, आणि हा माणूस ज्याने कधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, तो त्याहून बऱ्याच मोठ्या सिनेमाची भाषा करत होता. बोलणी फिसकटली.

मग त्याने स्वतःची कंपनी काढली आणि भांडवलासाठी कुणाकडे गेला? ज्यांना पुस्तकं विकली होती त्याच शेतकऱ्यांकडे. आयोवातल्या सू सिटीच्या आसपास फिरून त्याने शेअर विकले. आज स्टार्टअपवाले जे स्लाइड दाखवून करतात ते या गड्याने ओट्यावर बसून केलं. फेब्रुवारी १९१९ मध्ये शिकागोत 'द होमस्टेडर' झळकला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणून त्याचीच नोंद होते. शिकागोतल्या काही पाद्रींनी सेन्सॉरकडे तक्रार केली, कारण त्यातला खलनायक पाद्री कोण हे सगळ्यांना कळत होतं. तक्रार टिकली नाही. उलट मिशोने वादाचीच जाहिरात केली. पब्लिसिटी स्टंट ही काही इन्स्टाग्रामची देणगी नाही, मंडळी.

ॲग्नेसची भूमिका केली आयरिस हॉल या अभिनेत्रीने. ती कृष्णवर्णीय, पण रंगाने इतकी उजळ की पडद्यावर गोरी वाटावी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चारच वर्षांपूर्वी, १९१५ मध्ये, 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला होता, कू क्लक्स क्लॅनला हिरो करणारा. त्यात मिश्र वंशाचा जो खलपुरुष आहे तो गोऱ्या नटाने रंग फासून केलेला. हॉलिवूडला मिश्र वंशाचा माणूस हवा होता, पण धोका म्हणून, आणि तोही नकली. मिशोने खरी माणसं उभी केली. त्याचा सिनेमा बघताना प्रेक्षकाला प्रश्न पडतो, 'ही गोरी की काळी?' आणि कॅमेरा उत्तर देत नाही, कारण कॅमेऱ्याला ते दिसतच नाही.

पुढच्याच वर्षी 'विदिन अवर गेट्स' आला. १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल झाली होती, ३८ माणसं मेली होती. आणि सहा महिन्यांत हा माणूस त्याच शहरात असा सिनेमा घेऊन उभा, ज्यात गोरा जमाव एका काळ्या कुटुंबाला फाशी देतो. सेन्सॉरने आधी नकार दिला, मग बरीच चर्चा होऊन परवानगी मिळाली, तरी अनेकांना वाटत होतं की हा दाखवूच नये.

त्यातला एक प्रसंग सांगतो. नायिका सिल्व्हिया (ही भूमिका एव्हलिन प्रीअरची) एका घरात एकटी सापडते आणि जमीनदाराचा म्हातारा गोरा भाऊ तिच्यावर बळजबरी करायला जातो. झटापटीत तिच्या छातीवरचा जुना व्रण त्याला दिसतो आणि तो थिजतो. ती त्याचीच मुलगी असते. या प्रसंगाच्या मध्ये मध्ये मिशो तिच्या पालक आईवडिलांना जाळणारा जमाव दाखवत राहतो. इथे जन्मखुणेचं हसू येत नाही. 'काळ्या पुरुषांपासून गोऱ्या स्त्रियांना धोका' ही जी आरोळी देऊन जमाव फाशी द्यायचे, तिला मिशोने एका कटमध्ये उलटं टांगलंय. तो म्हणतोय की अमेरिकेत इतकी मिश्र वंशाची माणसं आली कुठून, ते आधी विचारा.

त्याच वर्षी 'द सिम्बॉल ऑफ द अनकॉन्कर्ड'. परत आयरिस हॉल, परत एकटा काळा शेतकरी, आणि परत त्याला वाटतं की शेजारीण गोरी आहे. पण यातला खलनायक बघा. ड्रिस्कॉल नावाचा हॉटेलवाला, स्वतः काळ्या आईचा मुलगा, गोरा म्हणून खपून गेलेला. याला तिकडे 'पासिंग' म्हणतात: आपली ओळख मागे सोडून पलीकडच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. ड्रिस्कॉल एका गोऱ्या तरुणीला लग्नाची मागणी घालत असतो आणि नेमकी आई दारात येते. तो आईच्या अंगावर धावून जातो. पुढे त्याच्या हॉटेलात नायिका आसरा मागायला येते तेव्हा तो तिला ओळखतो. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, याला कळतं. आणि तो तिला खोलीऐवजी गोठ्यात झोपायला लावतो.

आता जरा कामाबद्दल, कारण मला तेच सगळ्यात भन्नाट वाटतं. काळ्या प्रेक्षकांसाठीची थिएटरं देशभर विखुरलेली. काही ठिकाणी गोऱ्यांच्या थिएटरात मध्यरात्री त्यांच्यासाठी खास खेळ व्हायचा. वितरक असा कुणी नाही. मिशो स्वतः गाडीत रिळांचे डबे टाकून गावोगाव जायचा. एका गावात चालू सिनेमा दाखवायचा आणि त्याच थिएटरमालकाला पुढच्या सिनेमाचे फोटो दाखवून आगाऊ पैसे घ्यायचा. सिनेमा अजून बनलेला नाही, पण बुकिंग झालेलं. त्या पैशांत घाईघाईने शूटिंग. सेट कुठला? ओळखीच्यांची घरं. रीटेक कुठला? फिल्म महाग. नट अडखळला तर अडखळला. त्याचे उरलेले सिनेमे बघाल तर हे जाणवतं. मी स्वतः शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न करता कोड लाइव्ह केलेला माणूस आहे, त्यामुळे याला हसायचा अधिकार मला नाही.

सेन्सॉर राज्याराज्यात वेगळं. म्हणजे एकाच सिनेमाच्या अनेक आवृत्त्या, इथे हा प्रसंग कापा, तिथे तो कापा. चार्ल्स चेस्नट या लेखकाची 'द हाउस बिहाइंड द सीडार्स' ही पासिंगवरची कादंबरी मिशोने ५०० डॉलरला घेतली, तेही हप्त्याहप्त्याने. सिनेमा बनवला, आणि १९२५ मध्ये व्हर्जिनियाच्या सेन्सॉर मंडळाने अडवला. बरोबर आहे, एक थेंब कायद्यात लिहून वर्षही झालं नव्हतं, आणि हा दाखवतोय की एक मुलगी गोऱ्यांमध्ये राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

१९२५ मध्येच त्याने पॉल रोबसन या पुढे जगभर गाजलेल्या गायक-नटाला पहिल्यांदा पडद्यावर आणलं, 'बॉडी अँड सोल'मध्ये. १९२६ मध्ये ॲलिस रसेल या अभिनेत्रीशी लग्न केलं. ती शेवटपर्यंत त्याच्याबरोबर काम करत राहिली. १९२८ मध्ये दिवाळं निघालं.

आणि दिवाळं निघालेल्या या माणसाने १९३१ मध्ये पहिला पूर्ण बोलपट काढला. हार्लेममधल्या थिएटरवाल्यांचे पैसे घेऊन. कथा कुठली असेल? बरोबर. 'द एग्झाइल'. बाप्तिस्त, ॲग्नेस, डकोटा, गैरसमज, आणि शेवटी तो थेंब. त्या सुमारास हॉलिवूडने स्वतःसाठी जी आचारसंहिता लिहिली तिच्यात काळ्या-गोऱ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला सरळ मनाई होती.

इतकं कौतुक झालं, आता दुसरी बाजू. मिशोचे नायक-नायिका जवळपास नेहमी उजळ. लोरेंझो टकर या त्याच्या नटाची जाहिरात 'काळा व्हॅलेंटिनो' अशी व्हायची. रंगाने गडद नट बऱ्याचदा विनोदाला किंवा वाईट भूमिकेला. रंगभेदावर सिनेमे काढणाऱ्याच्या डोक्यातही ती रंगांची शिडी होतीच. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठे झालेलो आपण, आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

१९३८ मध्ये याचा स्फोट झाला. 'गॉड्स स्टेप चिल्ड्रन'मधली नेओमी ही गोरी दिसणारी मुलगी एका काळ्या घरात वाढते, तिला आपल्या लोकांचा तिटकारा असतो, शेवटी ती सगळं सोडून गोरी म्हणून जगायला जाते आणि नदीत जीव देते. तिला वाढवणाऱ्या आईचं काम ॲलिसनेच केलंय. हार्लेममध्ये थिएटरसमोर निदर्शनं झाली. निदर्शक काळेच. त्यांचं म्हणणं, हा सिनेमा आमच्यातच भेद पाडतो, आमचीच बदनामी करतो. सिनेमा उतरवावा लागला. मला विचाराल तर निदर्शकांचं बरंचसं बरोबर होतं. सिनेमा नेओमीला शिक्षा करतो, समजून घेत नाही. ड्रिस्कॉलच्या वेळी जो राग व्यवस्थेवरही होता, तो इथे सगळा एका मुलीवर निघालाय.

त्यानंतर काम आटत गेलं. १९४० च्या दशकात तो परत कादंबऱ्या लिहू लागला, परत स्वतः विकू लागला. त्यातल्या एकीवरून १९४८ मध्ये शेवटचा सिनेमा काढला, 'द बिट्रेयल'. नायकाचं नाव आता मार्टिन ईडन, नायिका डेबोरा स्टुअर्ट. आडनाव तेच ठेवलंय बघा. साउथ डकोटा, शेजारीण, माघार, थेंब. वय चौसष्ट, सिनेमा तीन तासांहून लांब, आणि प्रदर्शन थेट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. समीक्षकांनी धुतला. पैसे बुडाले.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, हॉलिवूडने पासिंगवर 'पिंकी' काढला. तो जोरात चालला. गोरी म्हणून खपणाऱ्या काळ्या मुलीची भूमिका जीन क्रेन या गोऱ्या अभिनेत्रीला दिली होती आणि तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मिशो तीस वर्षं जे खऱ्या माणसांना घेऊन करत होता, ते असं मोठ्या पडद्यावर पोचलं.

२५ मार्च १९५१ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात तो गेला. तेव्हाही कामानिमित्त फिरतीवरच होता. साउथ डकोटातला तो कायदा अजून जिवंत होता. देशभरातले असे सगळे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मोडीत काढले, 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' या खटल्यात. हो, त्या जोडप्याचं आडनाव खरंच लव्हिंग होतं.

त्याच्या चाळीसेक सिनेमांपैकी बरेचसे आज कुठेच नाहीत. मूकपट तर तीनच उरलेत. 'विदिन अवर गेट्स'ची प्रत सापडली स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' या स्पॅनिश नावाने. ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये दुरुस्त केली. 'द सिम्बॉल ऑफ द अनकॉन्कर्ड' बेल्जियममध्ये सापडला, त्यातला क्लॅनशी लढाईचा भाग गायब आहे.

आणि ती एकच गोष्ट? १९१९ चा 'द होमस्टेडर' हरवला. १९४८ चा 'द बिट्रेयल' हरवला. मधला 'द एग्झाइल' तेवढा बघता येतो. आवाज खरखरीत आहे, नट पाठ केलेलं म्हणतात, पहिली काही मिनिटं सहन करावी लागतात. हेडफोन लावून बघा. डकोटाचा भाग आला की जरा सावकाश बघा, ती दोघं पहिल्यांदा बोलतात तिथे. आणि 'विदिन अवर गेट्स' युट्यूबवर फुकट आहे, सव्वा तासाच्या आसपास. पुढच्या भागात भेटू.